ट्रस्टचं हॉस्पिटल, मेडिकल कौन्सिल, आयएमए, सिव्हिल सर्जन: कोणत्या कामाला कोणाचं दार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६२ वर्षांचे, हृदयाची झडप बदलायची आहे, घरी केशरी रेशनकार्ड. शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने आधी अनामत भरा म्हणून सांगितलं. एक नातेवाईक म्हणतो आयएमएकडे, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेकडे, तक्रार करा, दुसरा म्हणतो मेडिकल कौन्सिल, तिसरा म्हणतो सिव्हिल सर्जनला भेटा, चौथा म्हणतो धर्मादाय आयुक्त. यांपैकी कोणाच्या हातात नेमकं काय असतं?

या कामापुरता चौथा बरोबर आहे. दुसरा आणि तिसरा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देताहेत. पहिल्याने सांगितलेल्या संघटनेकडे तर असा अधिकारच नाही.

कुठलंही दार ठोठावण्याआधी एवढंच विचारायचं: कायद्याने यांच्या हातात काय दिलंय? डॉक्टरचं नाव नोंदवहीत ठेवायचं की काढायचं, हे वैद्यक परिषद, म्हणजे मेडिकल कौन्सिल, ठरवते. हॉस्पिटल चालवायची नोंदणी महापालिका किंवा जिल्ह्याचा अधिकारी देतो. ट्रस्टला जमिनीत, एफएसआयमध्ये (म्हणजे बांधकामाच्या मर्यादेत), करात सवलत मिळाली असेल, तर त्या बदल्यात गरिबांसाठी काय केलं याचा हिशेब धर्मादाय आयुक्त मागतो. योजनेचे पैसे राज्य आरोग्य हमी सोसायटीकडून येतात आणि नुकसानभरपाई ग्राहक आयोग देतो. वडिलांच्या अनामतीचा अर्ज वैद्यक परिषदेत टाकलात तर तो 'आमच्या कक्षेत येत नाही' असा शेरा घेऊन परत येईल, आणि त्यात शस्त्रक्रियेचे दिवस जातील.

आधी हॉस्पिटल कोणाचं आहे ते पक्कं करा. पाटीवरच्या नावावर जाऊ नका. परळचं केईएम मुंबई महापालिकेचं आहे, पुण्यात रास्ता पेठेतलं केईएम धर्मादाय ट्रस्टचं. नाव एकच असलं तरी गरीब रुग्णासाठीचे नियम वेगळे. जे.जे. आणि ससून ही दात्यांची नावं, पण दोन्ही रुग्णालयं राज्य सरकारची. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून सुरू झालं, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यामुळे 'टाटा म्हणजे ट्रस्ट, तिथे दहा टक्के खाटा मोफत असणारच' असं धरून गेलेल्यांचा गोंधळ उडतो. तिथे नोंदणीच्या वेळी फाइल जनरल वर्गात काढली की प्रायव्हेट, यावर पुढची बरीच गणितं ठरतात. लवकर नंबर लागेल म्हणून घाईत प्रायव्हेट फाइल काढायची आणि महिन्याभराने मदतीसाठी समाजसेवा विभागाच्या रांगेत उभं राहायचं, ही नेहमीची चूक.

'सरकारी' म्हणजेही एक घर नाही. महाराष्ट्रात निदान तीन आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाकडे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, म्हणजे ज्याला आपण 'सिव्हिल' म्हणतो ते. जिल्ह्यात त्यांचा प्रमुख जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजेच सिव्हिल सर्जन. त्याखालची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, तिथला प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० आणि ३,०००, असं मोजमाप धरतात. जे.जे., ससूनसारखी कॉलेजांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मोठ्या शहरांत महापालिकेचं तिसरं घर: मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर.

ही विभागणी केवळ कागदावरची नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. तो निर्णय त्या एकाच घरापुरता होता. कॉलेजच्या रुग्णालयात पावती फाडली की लोक खिडकीवरच्या कारकुनाशी भांडतात, पण तो बिचारा आपल्याच विभागाच्या दरपत्रकाप्रमाणे घेत असतो. दिल्लीला पत्र लिहूनही फार काही होत नाही, कारण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हे विषय राज्यघटनेत राज्यांच्या सूचीत आहेत. पत्र फिरून मुंबईलाच येतं.

आता पैशांकडे वळू. तुमची खरी अडचण तीच आहे.

पहिली पायरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आलं, आणि पांढऱ्या कार्डापर्यंत सगळे रेशनकार्डधारक तिच्यात आले. हृदयाची झडप बदलणं योजनेत बसतं. अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' असा फलक लावलेली खिडकी असते. तुमचं ट्रस्टचं हॉस्पिटल अंगीकृत आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी अंगीकृत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. फक्त हाडांसाठी करार असलेलं हॉस्पिटल झडपेसाठी उपयोगाचं नाही. मदतवाहिनी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर हॉस्पिटलचं नाव सांगितलं की कळतं.

योजनेत अडतं ते बहुधा नावावर. रेशनकार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. किंवा वडिलांचं नाव गावाकडच्या कार्डावर आणि शहरातल्या मुलाने स्वतःचं वेगळं कार्ड काढलेलं. शिधापत्रिकेचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक निघत नसेल तर आरोग्यमित्र पुढे सरकूच शकत नाही. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते, हॉस्पिटलात नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच क्रमांक तपासून घ्या. दुसरी अडचण पूर्वमंजुरीतल्या त्रुटींची: इको जुना, अँजिओग्राफीची सीडी जोडलेली नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान अर्धवट. अशी त्रुटी निघाली की फाइल परत हॉस्पिटलकडे येते आणि कुणी मागे लागलं नाही तर तिथेच पडून राहते. रोज आरोग्यमित्राला गाठून 'मंजुरी आली का' एवढंच विचारू नका, 'त्रुटी कोणती निघाली' तेही विचारा. मंजुरी मिळाली की खाट, शस्त्रक्रिया, झडप, औषधं, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. त्यावर वेगळे पैसे मागितले तर तक्रार त्याच मदतवाहिनीवर करायची.

हॉस्पिटल अंगीकृत नसेल, किंवा उपचार यादीत नसेल, तर दुसरी पायरी धर्मादाय. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, असा हा पाया. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची. उत्पन्नाची मर्यादा निर्धनाला वर्षाला १,८०,००० रुपये आणि दुर्बलाला ३,६०,००० रुपये. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड लागतं. तातडीच्या प्रसंगी या रुग्णांकडून अनामत मागायची नाही, दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, कागद नंतर पाहायचे. झडपेचं ऑपरेशन बहुतेक वेळा ठरवून होतं, तातडीचं नसतं. त्यामुळे तुमच्या बाबतीत कागद आधी लागतील.

बिल कसं बनायला हवं ते नीट पाहा. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या या गोष्टी निर्धनाच्या बिलात धरायच्याच नाहीत. डॉक्टरांनी आपली फी सोडायची. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायची वस्तू, इथे झडप) बिलात धरायचं ते हॉस्पिटलच्या खरेदीच्या भावाने. समजा झडपेच्या खोक्यावर छापील किंमत ८०,००० आहे आणि हॉस्पिटलने ती ५२,००० ला घेतली, तर बिलात ५२,००० यायला हवेत. निर्धन रुग्णासाठी ते ५२,००० निधीतून जातील. दुर्बल घटकातल्या रुग्णाचं बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने होतं आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट यांच्या खर्चातला किमान अर्धा वाटा त्याला उचलावा लागतो, म्हणजे झडपेपुरते २६,०००. 'दुर्बल घटक' म्हणजे सगळं फुकट, असं समजून गेलेल्यांची इथे निराशा होते. डिस्चार्जच्या दिवशी एका ओळीचं बिल मिळालं तर तपशीलवार बिल मागा आणि इम्प्लांटचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलंय का ते पाहा.

फसगत होते ती तीन ठिकाणी. एक, नातेवाईक दाखल करतानाच सेमी-प्रायव्हेट खोली घेतात. 'दोन दिवसांचा तर प्रश्न आहे' म्हणत घेतलेल्या त्या खोलीमुळे पुढे निर्धन म्हणून अर्ज करताना पहिला आक्षेप येतो. दोन, गरिबीचा कागद शेवटच्या दिवशी पुढे येतो. पैसे भरून झाल्यावर परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. उत्पन्न दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून काढायला पंधरा दिवस धरून चाला आणि तो वडिलांच्या कुटुंबाच्या उत्पन्नाचा काढा. तीन, खिडकीवर तोंडी मिळणारी उत्तरं: 'खाट नाही', 'निधी संपला'. ही उत्तरं लेखी मागा. किती खाटा शिल्लक आहेत हे हॉस्पिटलला धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दाखवावं लागतं आणि निधीचा हिशेब दर महिन्याला त्यांच्या कार्यालयात द्यावा लागतो. लेखी अर्जावर तारखेचा शिक्का घेतला की तोंडी नकार बऱ्याचदा तिथेच विरघळतो. नाहीच विरघळला तर अर्जाच्या त्याच प्रतीसह विभागाच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे जायचं.

हॉस्पिटलातला वैद्यकीय समाजसेवक, बोर्डावर ज्याला 'एमएसडब्ल्यू' लिहितात, त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोला. त्याच्या टेबलावरून न गेलेली फाइल पुढे कुठेच जात नाही.

तिसरी पायरी मुख्यमंत्री सहायता निधी. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही त्याचा कक्ष आहे. उत्पन्न मर्यादा १,६०,००० रुपये, म्हणजे धर्मादायपेक्षा कमी. खर्चाचं प्रमाणपत्र डॉक्टरच्या सहीशिक्क्याचं, रुग्णाचा खाटेवरचा जिओ-टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो, आधार, रेशनकार्ड, आणि अपघात असेल तर एफआयआर. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आणि उपचार संपल्यावर भरलेलं बिल परत मिळत नाही. जो उपचार फुले योजनेत अंगीकृत हॉस्पिटलात होऊ शकतो, त्यासाठी हा निधी बहुधा मिळत नाही. म्हणून पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आता सिव्हिल सर्जन आणि वैद्यक परिषद. या दोघांचं काम पैसे मिळवून देण्याचं नाही, चूक झाल्यावर दाद देण्याचं आहे.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा घेतलेला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. नोंदणी महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग करतो, बाहेर जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. नोंदणी तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं. दरफलक नाही, बिलासाठी मृतदेह अडवला, आयसीयूत पात्र कर्मचारी नाहीत, अशा तक्रारी या अधिकाऱ्याकडे करायच्या. पण त्याच्या केबिनमध्ये जाऊन 'डॉक्टरवर कारवाई करा' म्हटलं, तर तो फार तर अहवाल देईल.

डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. १९६५ च्या कायद्याने ती चालते. तक्रार नाव घेऊन ठरावीक डॉक्टरविरुद्ध करावी लागते. हॉस्पिटलविरुद्ध केली तर ती तिच्या कक्षेत येत नाही. परिषद समज देते, नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची काढून घेते, पण एक रुपयाही भरपाई देऊ शकत नाही. हे माहीत नसल्यामुळे दोन-दोन वर्षं तिथे खेटे घालून लोक हताश होतात, आणि तोवर ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत निघून गेलेली असते. मला विचाराल तर ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात परिषदेच्या निर्णयावर वर अपील करण्याचा हक्क डॉक्टरला स्पष्ट दिला आहे, रुग्णाला तसा दिलेला नाही. म्हणून पहिली तक्रारच कागदांनिशी भक्कम करा.

परिषद फक्त ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची. आयुर्वेद आणि युनानीच्या वैद्यांना महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, दातांच्या डॉक्टरांना दंत परिषद, होमिओपॅथांना, परिचारिकांना आणि फार्मासिस्टांना त्यांच्या वेगळ्या परिषदा. चिठ्ठीच्या वर छापलेला नोंदणी क्रमांक पाहिला की कुठली परिषद ते कळतं. औषध निकृष्ट असेल तर यांपैकी कोणीच नाही, अन्न व औषध प्रशासन.

तक्रार कुठेही करायची असली तरी आधी कागद हातात घ्या. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवणं आणि मागितल्यापासून ७२ तासांत देणं हे २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०२३ चे नवे नियम स्थगित झाल्याने तीच अजून चालते. अर्जात 'डिस्चार्ज कार्ड' एवढंच लिहू नका. 'भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, परिचारिकांचे तक्ते, संमतीपत्र' असं नाव घेऊन मागा. नुसती 'फाइल द्या' म्हणालात तर दोन पानांचा सारांश हातात पडतो.

ग्राहक आयोगात, उपचारासाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यात, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. डॉक्टर या कायद्याखाली आले ते १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, आणि त्या खटल्यात दाद मागायला गेलेली संस्था होती इंडियन मेडिकल असोसिएशन. हा कायदा आपल्याला लागू होऊ नये, असं तिचं म्हणणं होतं. त्याच निकालाने ठरलं की सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं हॉस्पिटल कायद्याबाहेर, पण काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलातला मोफत रुग्णसुद्धा ग्राहक. धर्मादाय खाटेवरच्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

तर आयएमए हे काय आहे? १९२८ मध्ये स्थापन झालेली ॲलोपॅथी डॉक्टरांची ऐच्छिक संघटना. सभासद नसलेला डॉक्टरही कायदेशीर डॉक्टर असतो आणि सभासदत्व गेलं म्हणून कुणाचा दवाखाना बंद होत नाही. ती डॉक्टरांसाठी व्याख्यानं घेते, त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडते. संघटनेने सभासदांच्या बाजूने उभं राहण्यात गैर काही नाही, पण तिला न्यायाधीश समजू नका. गावातली शाखा चांगली असेल तर अध्यक्ष दोन्ही बाजूंना बसवून बिलाचा वाद मिटवतात. तेवढा तिचा उपयोग, आणि तो कधीकधी फार मोठा असतो.

तज्ज्ञांच्या संघटनांचंही तसंच. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं लसींचं वेळापत्रक सरकारी वेळापत्रकापेक्षा लांब असतं. कांजिण्या, हिपॅटायटिस ए, टायफॉइड त्यात असतात, सरकारी कार्डावर नसतात. सरकार देशभर परवडेल आणि ज्या आजाराचा भार सर्वांत मोठा आहे त्याची लस आधी निवडते, संघटना समोरच्या एका मुलासाठी शिफारस करते. म्हणून अंगणवाडीतल्या कार्डावरच्या लसी पूर्ण असतील तर मूल 'अर्धवट लसींचं' नाही.

सेवाभावी संस्थांचं काम खाटांपुरतंच असतं असं नाही. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या 'सर्च'ने घरी जाऊन नवजात बाळ कसं सांभाळायचं हे गावातल्या बायकांना शिकवून दाखवलं. २०११ पासून तीच रीत देशभरच्या आशा सेविकांकडे आली. त्या भेट देतात ती अशी: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. संस्थेने चाळीसेक गावांत करून दाखवायचं आणि सरकारने लाखो गावांत न्यायचं, अशी ही वाटणी. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईतली कर्करोगाची नोंदवही १९६० च्या दशकात सुरू केली. ती नसती तर या शहरात कुठला कर्करोग वाढतोय हे नेमकं सांगता आलं नसतं. रेडक्रॉस या दोन्हींपेक्षा वेगळी: १९२० च्या कायद्याने बनलेली, सरकारी नाही, तरी जिल्हा शाखेचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. पूर आला की मदत वेगाने निघते ती म्हणूनच, आणि एरवी काही जिल्ह्यांत शाखा झोपलेली असते तीही म्हणूनच.

तुमच्या वडिलांसाठी देवस्थानांचे आणि खासगी ट्रस्टांचे वैद्यकीय साहाय्य अर्जही आहेत. ते शेवटी लावा, पण एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लावा, कारण एकेक ट्रस्ट साधारण तुकड्यातुकड्यानेच देतो. प्रत्येक अर्जाला हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं मूळ अंदाजपत्रक लागतं. एकच मूळ प्रत मिळाली तर अडाल, म्हणून समाजसेवकाकडून सहीशिक्क्याच्या सहा प्रती आधीच घ्या. धनादेश हॉस्पिटलच्या नावाने निघतो आणि डिस्चार्जआधी पोहोचला नाही तर बहुधा रद्द होऊन परत जातो. बाकी कुठून किती मंजूर झालं हे प्रत्येक अर्जात खरं लिहा. एकाच बिलावर दुहेरी रक्कम गेलेली उघडकीला आली, तर त्या हॉस्पिटलमधून पुढच्या रुग्णाचा अर्ज घ्यायलाही ते ट्रस्ट कचरतात.